आईची वर्षाची जारत



यंदा तिश्रीचे सण संपल्यापासून दोन घरांतून मला सारखाच फोन आला. "ताई, तुमच्या आईची वर्षाची अझ्कारा तुम्ही केलीत, तशी आम्हाला आमच्या माणसाची करायची आहे. काय काय लागतं ते सांगा." पहिल्या फोनवर मी खजूर, केळी, सब्जा, शरबत अशी यादी सांगून मोकळी झाले. फोन ठेवल्यावर मनाला चुटपुट लागली. सामान काय, कुठेही मिळते. आमच्या त्या दिवशी लोक रात्री साडेदहापर्यंत उठले नाहीत, ते काही खजुरासाठी नव्हे. म्हणून दुसऱ्या घरच्यांना म्हटले, थांबा, सगळे लिहूनच देते. गोष्ट जुनी आहे, २०१८-१९ची, पण मला कालच्यासारखी आठवते.

आमची आई २९ ऑक्टोबर २०१८ रोजी, म्हणजे हेश्वानच्या २० तारखेला, दिमोनात वारली. वय ८४. आम्ही १९६९ साली मुंबईहून इथे आलो तेव्हा मी चौदा वर्षांची होते, बहीण नऊची आणि धाकटा भाऊ तीन वर्षांचा. मी पुढे लग्न होऊन अश्दोदला आले, भाऊ बेर शेवाला गेला, बहीण दिमोनातच राहिली आणि वडील गेल्यावर आई तिच्याजवळ राहिली. हे सांगायचे कारण पुढे कळेल.

इथली मयत कशी घाईची असते ते तुम्हाला ठाऊकच आहे. सकाळी माणूस गेले की संध्याकाळी माती. हेव्रा कादिशाच्या खिडकीपाशी आम्ही तिघे उभे होतो. आतल्या माणसाने आईचे तेऊदत झेहूत हातात घेतले आणि नाव लिहू लागला. रिव्का. बापाचे नाव, रूबेन. आईचे नाव त्याने कार्डावरून वाचले आणि बहीण एकदम म्हणाली, "ती तिची आई नव्हे. ती सावत्र."

माणसाने पेन थांबवले. म्हणाला, मग खरे नाव सांगा, हश्काबा म्हणताना लागेल.

मी बहिणीकडे पाहिले, बहिणीने भावाकडे. तिघांचे मिळून त्या दिवशी वय झाले १७३ वर्षे, आणि तिघांपैकी एकालाही आईच्या आईचे नाव माहीत नव्हते.

त्या माणसाने फार ताणले नाही. असे पुष्कळदा होते म्हणाला. नाव माहीत नसेल तर आम्ही सारा लिहितो, सारा आपल्या सगळ्यांची आई. तसे त्याने लिहिले आणि आमची आई 'रिव्का बत सारा' म्हणून मातीत गेली. गर्दीत कोणाच्या ते लक्षातही आले नसेल. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

असे कसे, असे तुम्ही म्हणाल. तर ते असे. आई सहा वर्षांची असताना तिची आई तापात गेली. हे रेवदंड्याच्या बाजूच्या एका गावात, १९४० च्या सुमारास. आजोबांनी वर्षभरात दुसरे लग्न केले. आम्ही जिला आजी म्हणायचो ती ही दुसरी, फार मायाळू बाई, तिच्याविषयी माझी काही तक्रार नाही. पण पहिलीचे नाव घरात कुणी घेत नसे. आई बोलली तर "आमची आई" एवढेच म्हणे. आपल्या आईला कोण नावाने बोलवतो? आणि आम्ही कधी विचारले नाही. विचारायला तिच्या आयुष्यातली साठ-सत्तर वर्षे आमच्यापुढे होती.

आता शिवा आणि महिन्याची जारत कशी झाली ते थोडक्यात सांगते, कारण पुढचे सगळे त्यातूनच निघाले.

सातव्या दिवशी जावयाच्या ओळखीचे एक गृहस्थ बोलायला आले. चांगले विद्वान होते. त्यांनी आईला कधी पाहिले नव्हते. पाऊण तास बोलले, आणि मध्ये म्हणाले, "या सुशील स्त्रीने जन्मात कधी आवाज चढवला नाही." आम्ही तिघांनी माना खाली घातल्या, रडण्यासाठी नव्हे. आईने गॅलरीतून हाक मारली तर खालच्या दुकानातला माणूस बाहेर येत असे. नातवंडे कोपऱ्यात मोबाईलवर खेळत होती आणि मला त्यांना रागवावेसेही वाटले नाही. ती भाषणे कुणाही बाईविषयी चालली असती.

महिन्याला मत्सेवा बसवली. कबरस्तानात वारा इतका, की मेणबत्ती लागेना. त्यात मोजले तर पुरुष आठच. कद्दीशला दहा हवेत. भाऊ शेजारच्या मयतीत जाऊन दोन अनोळखी माणसांना हात जोडून घेऊन आला. बिचारे आले, आमेन म्हणाले आणि घाईने परत गेले. दगडावर आम्ही आईचे आणि तिच्या वडिलांचे नाव कोरले होते. आईच्या नावाची ओळ मी कोरू दिली नव्हती. दगडवाला कुरकुरला, नंतर येऊन एक ओळ कोरायची तर वेगळे पैसे पडतील. म्हटले, पडू देत.

परत येताना गाडीत मी बहिणीला म्हटले, वर्षाची जारत मोठी करू. हॉल घेऊ, सगळ्यांना बोलावू, आईचे फोटो पडद्यावर दाखवू. बहीण काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "ताई, तू दोन महिन्यांनी एकदा यायचीस. मी रोज होते. तिचं अंग पुसायला मी होते. मला पडदा नको आणि भाषणं नकोत."

मला लागले. खरे होते म्हणून जास्त लागले. आठ-दहा दिवस आम्ही बोललो नाही. शेवटी मीच फोन केला आणि विचारले, बाई, तुला काय हवे ते सांग. ती म्हणाली, "ज्यांनी तिला पाहिलं त्यांनीच बोलायचं, आणि आपल्याला कळेल असं. बाकी तुला काय करायचं ते कर." माझ्या मते वर्षाची जारत करणाऱ्या प्रत्येक घराने हे एक वाक्य लिहून ठेवावे. हॉल तेव्हाच रद्द झाला.

माझे जे "बाकी" होते ते म्हणजे नाव. वर्षाच्या हश्काब्याला तरी आईला तिच्या खऱ्या आईच्या नावाने पुकारायचे, असे मी मनाशी धरले.

आधी कागद पाहिले. आईवडिलांचा कतुबा, १९५३ सालचा, मुंबईच्या मागेन हसीदीममधला. त्यात वधू रिव्का, रूबेनची मुलगी. आईचे नाव कतुब्यात लिहीतच नाहीत. भारताचा पासपोर्ट काढला, त्यात नवऱ्याचे नाव. इथल्या कागदांवर सावत्र आजी, कारण तिकडून येताना सगळीकडे तेच दिलेले. बाईमाणसाचे कागद चाळत बसलात तर बाप सापडतो, नवरा सापडतो, मुलगेही सापडतात. आई काही सापडत नाही.

लोदला आमची मावशी असते, सावत्र आजीची मुलगी. तिला विचारले. ती म्हणाली, "अगं, आमच्या आईसमोर तो विषय नसे. मला लहानपणी वाटायचं तुझी आई माझी सख्खीच बहीण. मोठी झाल्यावर शेजारणीकडून कळलं." मावशी रडायला लागली, तेव्हा मी विषय सोडला.

मग ठाण्याच्या मामेभावाला फोन केला. तो खरेच गुणी माणूस. फेब्रुवारीत एका रविवारी गेटवेहून लाँचने मांडव्याला उतरला, तिथून अलिबाग, अलिबागहून एस.टी.ने रेवदंडा आणि पुढे रिक्षाने गाव. आता तिथे आपले एकही घर उरलेले नाही. कबरस्तान एका वाडीच्या कडेला, गवत कमरेइतके. वाडीवाल्याकडून कोयता मागून घेऊन त्याने दोन तास गवत कापले आणि दगडांवर पाणी ओतून फोटो काढले. मला व्हॉट्सअॅपवर चाळीस फोटो आले. जुन्या दगडांवर वर थोडे हिब्रू आणि खाली मराठी. खाऱ्या हवेने अक्षरे खाल्लेली. मी ते फोटो मोठे करकरून चष्मा आणि भिंग दोन्ही लावून वाचले. एका दगडाची वरची बाजू फुटून गेली होती आणि खाली शिल्लक होते ते एवढेच, "रूबेन यांचे कुटुंब." जुन्या मराठीत कुटुंब म्हणजे बायको, हे आपल्यातल्या वयस्कांना सांगायला नको. तो दगड आमच्या आजीचा की दुसऱ्या कोणा रूबेनच्या बायकोचा, काय सांगणार? नाव होते तो तुकडा मामेभावाने गवतात पुष्कळ शोधला. संध्याकाळची एस.टी. चुकेल म्हणून परतला.

पेसाह झाला, उन्हाळा गेला. भाऊ बेर शेवाला रोज बेत क्नेसेतमध्ये जाऊन कद्दीश म्हणत होता. अकरा महिने त्याने एक दिवस चुकवला नाही, फ्लू झाला होता तेव्हासुद्धा गेला. ते अकरा महिने एलुलमध्ये संपले.

इथे एक व्यवहाराची गोष्ट, कारण यात पुष्कळ जण चुकतात. अझ्कारा हिब्रू तारखेने करायची असते, आणि ५७७९ या वर्षात दोन अदार होते. त्यामुळे हेश्वानची २० तारीख परत आली ती बरोबर ३८५ दिवसांनी, १८ नोव्हेंबर २०१९ रोजी. ठाण्याच्या मामेभावाचा फोन २९ ऑक्टोबरलाच आला, "जारत झाली का?" त्याला समजावून सांगावे लागले. पण या दोन अदारांचा आम्हाला एक फायदा झाला. आईसाठी सूतक पाळायचे ते बारा महिने, तेरा नव्हे. म्हणजे जारतीच्या दिवशी आम्ही सुतकातून बाहेर होतो आणि गाणे म्हणायला हरकत नव्हती. हे आमच्या दिमोनाच्या हझानकाकांनी सांगितले. तुमचे वर्ष साधे असेल तर आपापल्या हझानांना विचारून घ्या, माझ्यावर जाऊ नका.

आता गाण्यावरून वहीवर येते.

आईची कीर्तनाची वही होती. आपल्यात कीर्तने मुंबईला १८८० च्या सुमारास सुरू झाली असे वडील सांगत. आई तरुणपणी बायकांच्या मेळ्यात उभी राहून म्हणे, योसेफाचे आख्यान तिला सबंध पाठ होते. शिवा उठल्यावर आम्ही आईच्या चार वस्तू वाटून घेतल्या तेव्हा बहिणीने दिव्याचा पेला घेतला, मी सिद्दूर घेतला आणि भावाने ही वही मागून घेतली. तपकिरी पुठ्ठ्याची, शंभर पानी, शिवण सुटलेली. भावाला मराठी बोलता येते, वाचता येत नाही. तीन वर्षांचा आला, कुठून येणार? त्याला आईचे अक्षर हवे होते, एवढेच. त्याने ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात तेहिलीमच्या शेजारी ठेवली होती.

सुक्कोतच्या मधल्या दिवसांत मी त्याच्याकडे गेले होते. जारतीला एखादे कीर्तन म्हणावे असे ठरत होते, म्हणून म्हटले ती वही काढ, योसेफाचे आहे का बघते. सुक्क्यात बसून पाने उलटत होते. पुढे कीर्तने, मध्ये बिरड्याचे आणि चिकाच्या हलव्याचे प्रमाण, कोणाला किती पैसे दिले त्याचा हिशेब. अगदी शेवटच्या पानावर, उलट बाजूने, वर लिहिले होते, "दिवा लावायच्या तारखा." खाली सात नावे. प्रत्येकापुढे हिब्रू महिना आणि तारीख, मराठीत. पहिलेच नाव, "आई मिलका, शेवाट."

मी ते मोठ्याने वाचले. भाऊ म्हणाला, "काय?" मी परत वाचले.

मग आम्हाला दोघांना एकदमच आठवले. हिवाळ्यात, तू बिश्वातच्या आसपास, आई एका संध्याकाळी पेल्यात पाणी आणि वर तेल ओतून वात लावायची. आम्ही विचारायचो, आज कुठला सण? ती म्हणे, "सण नाही. आपल्या माणसांचा." आणि स्वयंपाकाला लागायची. सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर वर्षे ती बाई आपल्या आईचा दिवा लावत आली, आणि आम्ही त्या दिव्याच्या उजेडात अभ्यास केला.

वर्षभर ते नाव आम्ही समुद्रापलीकडे शोधत होतो आणि ते बेर शेवाला भावाच्या कपाटात होते. भावाचा चेहरा उतरला. तो आधी वहीबद्दल काही बोलला नाही. म्हणाला, "ताई, मी अकरा महिने चुकीच्या नावाने कद्दीश म्हटलं?" मला उत्तर सुचेना. हझानकाकांना फोन लावला. ते हसले आणि म्हणाले, "अरे, कद्दीशमध्ये माणसाचं नावच नसतं. पुन्हा वाचून बघ. तू तुझ्या आईसाठी म्हटलंस, तो पोचला." रोज म्हणणाऱ्या माणसाच्याही हे ध्यानात राहत नाही. भावाने सिद्दूर उघडून खरेच पुन्हा वाचले आणि मग जेवला.

पुढचा महिना कामाचा. दगडवाल्याला बोलावून मोकळी ओळ भरून घेतली, हिब्रूत 'बत मिलका', आणि भावाच्या हट्टाने खाली तेच मराठीत. भाचीने कॉम्प्युटरवर मोठी अक्षरे छापून दिली. दगडवाल्याला वाटले, वरची रेघ ही आखणीची आहे, कोरायची नाही. बहीण वेळेवर पोचली म्हणून बरे, नाहीतर आजी शिरोरेघेवाचून राहिली असती.

मिन्यानची या वेळी आधीच तजवीज केली. चौदा पुरुषांना नावाने फोन करून सांगितले. त्यातले बारा आले. नुसते "या हं सगळे" असे सांगू नका, कोणी येत नाही.

कबरीवर काय करायचे ते मी सगळ्यांत जास्त विचार करून ठरवले होते. तेहिलीमचा ११९ वा अध्याय हिब्रू अक्षरांच्या क्रमाने रचलेला आहे, २२ अक्षरे आणि प्रत्येकाची आठ-आठ वचने. गेलेल्या माणसाच्या नावाच्या अक्षरांची वचने म्हणायची आणि त्यापुढे 'नेशामा' या शब्दाच्या चार अक्षरांची. एरवी हे हझान एकटे भराभर म्हणतात आणि बाकीचे घड्याळ पाहतात. आम्ही ती अक्षरे नातवंडांना वाटून दिली. रिव्काची चार, रेश, बेत, कोफ, हे. नेशामाची चार, नून, शीन, मेम, हे. एकूण ६४ वचने. अक्षरे आठ आणि नातवंडे अकरा, म्हणून तिघांना पाण्याच्या बाटल्या आणि छत्री सांभाळायला दिली. त्यावरून रुसवेफुगवे झाले. दुसरा 'हे' जिच्याकडे आला ती म्हणाली, हे तर आधीच वाचून झाले, तीच आठ वचने. बहीण म्हणाली, "आजी तुला एकच गोष्ट किती वेळा सांगायची? तू पण दोनदा ऐकव." मुलींनी वाचावे का, असा भावाच्या मनात थोडा किंतू होता. हझानकाका म्हणाले, तेहिलीम कोणीही म्हणावे. धाकटा नातू सैन्यातून दोन तासांची सुटी काढून गणवेशातच आला होता. त्याच्या वाट्याला शीन. तो वाचताना अडखळला, पण मोबाईल कुणाच्याही हातात नव्हता.

आणि मग हझानकाकांनी हश्काबा सुरू केला. नाव आले तेव्हा त्यांनी आमच्याकडे एकदा पाहिले आणि सावकाश म्हटले, "रिव्का बत मिलका." बहिणीने माझा हात धरला. बस, एवढेच. त्यासाठी मी वर्ष घालवले होते.

संध्याकाळी बहिणीच्या घरी जारतीचे ताट मांडले. मलिदा करायचा की नाही, यावर आधी मोठा वाद झाला. भावाची बायको म्हणत होती, आपला एवढा खास पदार्थ आहे, इथल्या मुलांना कळू दे. मावशी ऐकेना. "मलिदा नवसाचा, लग्नाचा, एलियाहू हन्नाबीचा. रडायच्या दिवशी पोहे भिजवू नका." मावशीचे वय पाहून आम्ही तिचे ऐकले. ताटात खजूर झाडाच्या आशीर्वादासाठी, केळी जमिनीच्या, काळ्या मनुकांचा शरबत, पोळ्या, आणि वासाच्या आशीर्वादासाठी सब्जा. आई गॅलरीत जैतुनाच्या रिकाम्या डब्यात सब्जा लावायची. ती गेल्यावर त्या उन्हाळ्यात तो वाळला, पाणी घालायचे कोणाच्या लक्षात राहिले नाही. बाजारातला रेहान आणला. वास तितका नव्हता. मावशीने हुंगला आणि तोंड वाकडे केले, पण आमेन म्हणाली.

जेवायला आईच्या हातचे म्हणून नारळाच्या रसातले माशाचे कालवण केले. आईने प्रमाण लिहिले होते, "चिंच बेताची." बेताची म्हणजे किती, यावर तिघांचे तीन विचार. शेवटी आंबटच झाले.

बोलायला तिघांनाच सांगितले होते. पहिली समोरच्या दारातली मोरोक्कोची बाई, पंचेचाळीस वर्षांची शेजारीण. ती म्हणाली, सुरुवातीला आम्हा दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती आणि हिब्रूही येत नव्हती. तुमची आई दारात उभी राहून मराठीत ओरडायची, मी अरबीत ओरडायचे, आणि दोघींना कळायचे की साखर संपली आहे. घरभर हशा झाला. सातव्या दिवशीच्या त्या गृहस्थांना बोलवायला हवे होते, असे मला वाटून गेले. दुसरी आईची गिरणीतली सोबतीण. कापडाच्या गिरणीत दोघी रात्रपाळी करत. रात्री तीनला चहाच्या वेळी आई यंत्रांच्या आवाजावर कीर्तन म्हणे, हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हते. रात्रपाळीहून आल्यावर ती आमचे डबे भरायची, एवढेच आम्ही पाहिलेले. तिसरा बहिणीचा थोरला. त्याने लिहून आणलेला कागद खिशातून काढला, पाहिला आणि परत ठेवला. म्हणाला, "आजी मला रागवायची तेव्हा मराठीत रागवायची. आता मला कोणी मराठीत रागवत नाही." आणि खाली बसला.

मग योसेफाचे आख्यान झाले. वाद्य नाही, नुसते तोंडाने. मावशी, मी आणि गिरणीतली सोबतीण मिळून, वही मध्ये ठेवून. मध्ये दोनदा चाल विसरलो. भाऊ माझ्या खांद्यावरून वहीत पाहत होता, बोट ठेवून, आम्ही कुठे आहोत ते शोधत.

निघायच्या आधी भावाने शेवटचे पान काढले आणि म्हणाला, सगळी नावे वाच ताई, आज दिवा लागलाच आहे. मी वाचली. सातांपैकी सहा जण कोण ते आम्हाला लागले. आईवडील, आजोबा, एक काका, मुंबईची एक शेजारीण. एक नाव लागत नाही. "लहान हन्ना, किस्लेव." आईची पाठची बहीण असावी, जगली नाही अशी, असे मावशीला वाटते. आता दर किस्लेवमध्ये बहीण तिच्या नावाने पेला लावते. रेवदंड्याच्या बाजूचे कोणी जुने माणूस हे वाचत असेल आणि त्यांना रूबेन आणि मिलका यांच्या घरातली ही हन्ना माहीत असेल, तर कृपया संपादकांकडे कळवावे. ते मला फोन करतील.